अंगाईपुरती पेटी

१९ नोव्हेंबर

जुन्या गिटारीची पाठ आज सुटली. इतकी वर्षं ती चुलीजवळच्या भिंतीवर टांगलेली होती, धूर खाऊन काळी झालेली. सराव सुरू करावा म्हणून खाली काढली, तर पाठीची फळी एका कडेने उघडून हातात आली. आत जाळी, भुसा आणि मक्याचे दाणे.

"उंदराचं घर मोडलंत," माझी बायको एर्मिनिया म्हणाली.

सरस लावून दोरीने आवळून ठेवली आहे, पण फळी इतकी वाकली आहे की बसेल असं वाटत नाही.

वेळ वाईट आली. बाळ येशूचा मान या वर्षी आमच्याकडे आहे. गेल्या फेब्रुवारीपासून बाळाची मूर्ती आमच्या आतल्या खोलीत आहे, फुलांच्या चौकटीत, एर्मिनियाने शिवलेल्या कपड्यांत. येत्या दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, ते पुढच्या मानकऱ्यांकडे जाईल. आणि बाळ जागं असताना घर बदलत नाही. जाणाऱ्या मानकऱ्याने अंगणात उभं राहून, स्वतः वाजवून, स्वतः अंगाई गायची. नव्या घरच्या बाईने बाळाला कुशीत घ्यायचं. ती "झोपलं" म्हणाली की मान पूर्ण झाला. ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठी बाहेरचे गाणारे आणतात. बाळ जातंच, पण त्या घराचा मान अर्धा राहिला असं लोक मनात धरतात.

आमची पोर रांगत होती तेव्हा आम्ही या मानासाठी नाव दिलं. आता ती लग्न होऊन मोरेलियात नांदते. एवढं थांबून अर्धा मान नको.

२२ नोव्हेंबर

पराचोला गेलो. तिथे घराघरात गिटारी बनतात, पण मी ताता मेलितोनशिवाय कुणाकडे जात नाही. वडीलधाऱ्याला आमच्याकडे ताता म्हणतात. माझी जुनी त्याच्या वडिलांच्या हातची. त्याने सुटलेली फळी उलटसुलट केली, एकदा हुंगली आणि चुलीच्या लाकडांत ठेवून दिली.

"नवी कशाला हवी?"

"बाळाच्या अंगाईला."

"मग तिघींना भेटून घे."

भिंतीला तीन पांढऱ्या गिटारी टेकून उभ्या होत्या. पांढऱ्या म्हणजे लाख न चढवलेल्या, उघड्या लाकडाच्या. अशी गिटार तो ओळखीच्या माणसाला घरी न्यायला देतो. घरात राहून पटली तर लाख चढवायची, नाही तर परत. एकीची पेटी लहान, कंबर बारीक, खांदे उतरते. दुसरी मधली. तिसरी रुंद आणि खोल, लेकुरवाळ्या बाईसारखी बसलेली.

"लहान पेटी पटकन बोलते आणि पटकन गप्प होते," मेलितोन म्हणाला. "शेजारणीसारखी. उंबऱ्यावरून बोलून निघाली. मधलीचं सगळ्यांशी जमतं. मोठी आधी श्वास घेते, मग बोलते, आणि बोलणं संपलं तरी खोलीत बसून राहते."

लहान वाजवली. सूर होते, पण फडक्यात बांधलेले. वरच्या दोन तारा तर झोपलेल्याच. मधली जरा बरी. मोठी मांडीवर घेऊन खालची तार छेडली तेव्हा पोटात काहीतरी हललं, लांब डोंगरामागे ढग सरकावा तसं. मला बरं वाटलं.

"अंगाईला ही?" मेलितोनने विचारलं.

"हीच जिवंत आहे, ताता."

त्याने मग एक सुटी फळी कोपऱ्याला धरून माझ्या कानाशी आणली आणि बोटाच्या पेराने ठोकली. "ही लहानीच्याच झाडाची. ऐक, काचेसारखी वाजते. आलं ऐकू?"

मी हो म्हटलं. खरं तर मला फक्त ठोका कळला, काच नाही. लाकूड ओलं असेल. ताताचं वय झालं, ओलं-सुकं आता पूर्वीसारखं कळत नसणार. हे त्याला कोण सांगणार?

मोठी घेऊन आलो. बसमध्ये तिला शेजारच्या जागेवर बसवलं, तर कंडक्टर म्हणाला, "ताता, बाईंचं तिकीट?"

२४ नोव्हेंबर

दिवसभर धुकं. सिरिमोच्या लाकडाच्या रव्या कातत होतो, चॉकलेट घुसळायच्या. कातायच्या यंत्राचा पट्टा पूर्वी डुकरासारखा किंचाळायचा. आता वर्षभर शांत चालतो आहे. या वर्षी छोटे पक्षीही आले नाहीत. एर्मिनिया मात्र रोज सकाळी अंगणात चुरा टाकते आणि मान वर करून बघत उभी राहते. धुक्यात सगळे आवाज भिजतात आणि जड होऊन खाली बसतात असं मला वाटतं. मला ते आवडतंही. चर्चमधून परत येताना आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत असं वाटतं.

२८ नोव्हेंबर

फिदेन्सिओ आला. तो माझा कोंपादरे, माझ्या मुलीचा धर्मपिता. पोरवयापासून आम्ही दोघं एकत्र गातो, पहिला आवाज त्याचा, दुसरा माझा. अंगाईला मानकऱ्याला एक सोबती चालतो, तेव्हा तो असणारच.

अंगणात गारठा होता म्हणून मी घोंगडी अंगात घातली, मधल्या भोकातून डोकं काढून, आणि मोठी गिटार छातीशी धरून उभा राहिलो. आमच्याकडे बसून कुणी गात नाही. वाजवली, आणि मेलितोनकडचा तो ढग कुठे गेला कळेना. गिटार घशात घास अडकल्यासारखी.

"कोंपादरे," फिदेन्सिओ म्हणाला, "तिला थंडी वाजत होती का, तुम्ही तिची पाठ घोंगडीत घातलीत?"

खरंच. दुकानात आपण बसून, सदऱ्यावर धरून गिटार बघतो, आणि गावात येऊन जाड लोकरीवर दाबून वाजवतो. आमच्या डोंगरातले लोक ही चूक पिढ्यान्‌पिढ्या करत असतील आणि सुताराला शिव्या देत असतील. घोंगडी काढली. गिटार घुमायला लागली.

"आता बरी आहे ना?" मी विचारलं.

"बाळाला झोपवायचंय की बैलांना उठवायचंय?"

"म्हणजे आवाज मोठा होतो?"

"छे छे. बाळाच्या मनात काय ते आपल्याला काय ठाऊक?"

मग आम्ही गायलो. हल्ली फिदेन्सिओ गाताना माझ्याकडे तोंड करून अगदी जवळ उभा राहतो आणि शब्द मोठ्याने चावतो, दात नसलेल्याला भरवावं तसे. मी म्हटलं, "या वयात प्रेमात पडलात की काय माझ्या?" तो हसला. "तुमच्या मिश्या बघतोय. पिकल्या तरी माज उतरला नाही."

५ डिसेंबर

पुढचे मानकरी रीतीप्रमाणे पाव घेऊन आले. देल्फिना आणि तिचा नवरा. नवरा बोलतच नाही, त्यामुळे दोघांचं ती बोलते.

"ताता एलिसेओ, रस्त्यावरून वाटलं तुमच्या अंगणात ट्रक चालू ठेवलाय. तर तुम्ही वाजवत होतात!"

सगळे हसले, मीही हसलो. मग तिने शाल सारखी केली आणि खाली बघत म्हणाली, की उरुआपानला चार मुलं आहेत, छान गातात, तिच्या मावशीच्या ओळखीची. त्यांना बोलावलं तर? मी वर्षभर बाळाचं करून थकलो असेन. त्या दिवशी मी आरामात बसावं, पाहुण्यासारखं ऐकावं.

एर्मिनिया म्हणाली, "या घरात बाळ आमच्या माणसाच्या आवाजाने उठतं. झोपेलही त्याच्याच."

देल्फिना म्हणाली, "हो, हो, तेच तर. मी आपलं सुचवलं." आणि पावाची टोपली पुढे सरकवली.

आमच्याकडे माणसाचं उणं त्याला तोंडावर सांगत नाहीत. शेजाऱ्याचं कुंपण मोडलं तर त्याची डुकरं हाकलून आणायची आणि म्हणायचं, डुकरं फार हुशार झाली बाई. चांगली रीत आहे. पण आज मी विचार करत बसलो, की देल्फिना कुठलं डुक्कर हाकलून आणत होती? गिटारच असणार. मोठी पेटी अंगाईला शोभत नाही, हे तिला म्हणायचं होतं. फिदेन्सिओलाही तेच म्हणायचं असेल.

९ डिसेंबर

बाळापुढे बसलो होतो. मागायचं तरी काय? गिटार दे, असं? त्याच्या काचेच्या डोळ्यांत मेणबत्ती हलत होती. मला एकदम भीती वाटली. सणाच्या दिवशी मी गाईन आणि माझ्याच आवाजाचा मला पत्ता लागणार नाही. असं का वाटावं? मी रोज गातो. आवाज आहे. पण तो पूर्वी भिंतीला लागून परत यायचा, आता जातो आणि येत नाही.

एर्मिनियाला सांगितलं नाही. ती हल्ली चुलीशीच बोलते, पाठ करून, त्यामुळे तिला काही सांगायचं तर तिच्या पुढे जाऊन बसावं लागतं.

१४ डिसेंबर

मोठी परत केली, मधली आणली. मधली सगळ्यांशी चांगली वागते हे खरं, माझ्याशीही. पण चांगलं वागणारा माणूस काही जवळचा नसतो. वर म्हणाल तर वर नाही, खाली म्हणाल तर खाली नाही.

फिदेन्सिओ म्हणाला, "एक सूर खाली घेऊन गाऊ या का? माझा घसा बसलाय थंडीने."

खाली घेतलं. मला सोपं गेलं, गाणं मऊ झालं, मोठ्या नदीत उतरल्यासारखं. संध्याकाळी मात्र फिदेन्सिओ समोरच्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारताना दिसला. तो माणूस लगेच वळला. एवढ्या लांबून. घसा त्याचा मनात येईल तेव्हा बसतो बहुतेक.

२५ डिसेंबर

मक्याच्या पानांत बांधून कोरुंदा वाफवले, तिखट रस्सा झाला, लेक-जावई आले होते. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही किती मोठ्याने बोलता!" एर्मिनियाने तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी बघितलं. माझ्या आनंदाला कुणी अडवू नये असं तिला वाटलं असेल.

दिवसभर गिटारीला हात लावला नाही.

७ जानेवारी

काल तीन राजांचा सण झाला. आज मधली परत द्यायला गेलो, तसंच आता काही नको म्हणायलाही. बसमध्ये मनाशी ठरवलं होतं, की देल्फिनाला निरोप धाडायचा: बोलावा तुमची उरुआपानची मुलं.

मेलितोनने मधली ठेवून घेतली आणि लहान माझ्या हातात दिली.

"हिच्यात काही नाही, ताता. मी वाजवलीय."

"असू दे. ने."

"झोपलेली आहे ती."

"मग अंगाईला बरीच की. ने म्हटलं ना."

आणली. लाकडाचं ओझं नव्हतंच तिला, ओल्या कोकरासारखी हलकी. बाळाला नमस्कार करून मग भिंतीवर टांगावी म्हणून आतल्या खोलीत गेलो. उभाच होतो. फार थकवा आला होता. गिटार छातीवर उंच धरलेली, म्हणून तिच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकली, माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तशी. आणि सवयीने अंगठा फिरला.

आवाज बाहेरून आलाच नाही. तो आधीच आत होता. दातांत, कानामागच्या हाडात, डोळ्यांच्या खाली. वरची तार, जी तिन्ही गिटारींत झोपलेली होती, ती माझ्या डोक्यात उजेडासारखी उभी राहिली. नख तारेवरून सुटतानाचा बारीक टिचका ऐकला. बोट सरकताना तार कुरकुरते, ते ऐकलं. हे मी कधीपासून ऐकलं नव्हतं, हे मला आत्ता कळलं.

हनुवटी उचलली, की गप्प. टेकवली, की बोलू लागली.

लाजाळू आहे बिचारी. अंगाशी धरल्याशिवाय बोलत नाही. मी तिला झोपलेली म्हणालो, आणि ती फक्त वाट बघत होती, कुणी जवळ घेतं का याची.

बाळापुढे किती वेळ उभा होतो माहीत नाही. एर्मिनिया दारात येऊन थांबली होती. तिने शालीच्या टोकाने तोंड पुसलं आणि आत न येताच गेली.

८ जानेवारी

नीट तपासावं म्हणून आज लहान घेऊन पुन्हा पराचोला गेलो आणि मेलितोनकडे तिघींना तसं धरून पाहिलं. मोठी हनुवटीपर्यंत आणली, तर उजवा हात पेटीवरून तारांपर्यंत पोचत नाही. खाली घेतली, तर कड पोटाशी राहते. मधलीची कड गळ्याच्या हाडावर बसते आणि रुतते. फक्त लहान तिथे येते जिथे यायला हवी. तेव्हा प्रश्न पेटीच्या आवाजाचा नव्हताच, कुठली पेटी आपल्या किती जवळ येते याचा होता. हे मेलितोनला सांगितलं. मोठा शोध लावल्यासारखा सांगितला.

त्याने लहान घेतली, आपली हनुवटी कडेवर टेकवली, डोळे मिटले आणि एक तार छेडली.

"हं. तुमच्या गावात अशी धरतात का?"

"आता धरतात."

"मग इथे जरा गोल करून देतो. हनुवटीला टोचेल." आणि त्याने कानस घेऊन ती कड हळूहळू गोल केली, मधेमधे माझ्या हनुवटीला लावून बघत, न्हावी बघतो तसा. "लाख सणानंतर चढवू. बाळाला पांढरी चालते."

निघताना त्याने माझा दंड धरला, तोंड माझ्या तोंडासमोर आणलं आणि म्हणाला, "कातायचं यंत्र चालू असताना कानात कापूस घालत जा, एलिसेओ. भुसा जातो कानात."

चांगला माणूस. भुशाचा विचार कोण करतं?

१३ जानेवारी

फिदेन्सिओसमोर गायलो. हनुवटी लाकडावर असली की तोंड मोठं उघडता येत नाही, म्हणून आवाज आपोआप लहान होतो. पण अंगाईला तेवढाच लागतो. आणि लाकडातून माझा स्वतःचा सूरही मला परत येतो आहे. जातो आणि येतो.

फिदेन्सिओचा पहिला आवाज मात्र तसा येत नाही, तो लाकडाबाहेर आहे. मी थांबून म्हटलं, "तुम्ही फार हळू गाताय."

तो पुढे आला आणि गिटारीच्या दांडीच्या टोकावर, खुंट्यांपाशी, त्याने आपला तळहात ठेवून त्यावर आपलं कपाळ टेकवलं. पुन्हा सुरू केलं. दोन म्हातारे बैल एका जुवाला डोकं लावून उभे असावेत तसे आम्ही दिसलो असणार. पण तो आला, अगदी बारीक, लांबच्या कोंबड्यासारखा, तरी आला.

"सणाला असंच उभं राहायचं?" मी विचारलं.

"बायका हसतील."

"हसू देत. बाळ झोपल्याशी कारण."

"मग उभे राहू," तो म्हणाला. "माझी मान दुखली तर मात्र एर्मिनिया कोमाद्रेच्या हातचं जेवण दोनदा."

१९ जानेवारी

अडचण आली. बाळ सोपवताना मानकऱ्याने नवी घोंगडी घालायची असते, घरच्या बाईने विणलेली. एर्मिनिया वर्षभर विणते आहे, काळ्या-पांढऱ्या मेंढीच्या लोकरीची, आपल्या मागावर. आज घालून पाहिली. सुंदर आहे, तिच्यासारखीच, घट्ट विणीची. पण गळ्याशी लोकर हनुवटीपर्यंत उभी राहते, आणि लाकूड लोकरीला लागलं की संपलं. गिटार पुन्हा मुकी. गळा दाबून धरला, सरकवून पाहिला. एकदा वाटलं, घोंगडीशिवायच उभा राहीन. पण त्या लोकरीत तिचं वर्ष आहे.

काढून, घडी करून ठेवली आणि म्हणालो, "छान झालीय."

ती माझ्या हातांकडे बघत होती.

२१ जानेवारी

घोंगडीचा गळा उसवलेला आहे. उजव्या बाजूने खांद्यापर्यंत, आणि कडेला लाल दोऱ्याने बारीक नक्षी भरलेली, जणू मुद्दाम तशीच केली होती.

"हे काय?"

तिने माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "गळा घट्ट होत होता. मला विणताना अंदाज आला नाही."

तिला अंदाज येत नाही असं मी आमच्या लग्नापासून पाहिलेलं नाही.

घालून पाहिली. गिटार खांद्यावर कातडीला लागून बसली. थंड लाकूड. मग कोमट झालं.

३० जानेवारी

तीन दिवसांवर आलं. गाणं तयार आहे. भीती मात्र आहे, आणि ती कशाची आहे हे नीट सापडत नाही. गिटार मिळाली, सूर मिळाला, तरी मला वाटतं की सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि ते माझ्याभोवती हळू पावलांनी चालताहेत, घरात कुणी झोपलेलं असावं तसे. कधी वाटतं, बाळ म्हणजे मीच.

हे लिहून ठेवलं, आता खोडत नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद झाला. मग सगळे आमच्या अंगणात. थंडी होती पण ऊन पडलं होतं, आणि धुकं नुकतं टेकडीवर चढून बसलं होतं. बायका आतोलेची, मक्याच्या गरम पेजेची, भांडी घेऊन भिंतीशी, पुरुष मधे. अंगाई सुरू होताना पुरुष टोप्या काढतात. बाळ झोपलं की पुन्हा डोक्यावर चढवतात.

एर्मिनियाने बाळाला पांढऱ्या दुलईत गुंडाळून देल्फिनाच्या कुशीत दिलं. तिचा हात दुलईवरून लवकर निघाला नाही.

मी घोंगडीत, गिटार उंच, हनुवटी कडेवर. समोरून फिदेन्सिओ आला, खुंट्यांपाशी तळहात ठेवला आणि कपाळ टेकवलं. देल्फिना म्हणाली असावी काहीतरी, कारण बायका हसल्या. मग हसू थांबलं. टोप्या निघाल्या. मी डोळे मिटले.

त्यानंतरचं कसं लिहावं? गाणं लहान आहे, दोनच कडवी, आणि बाळ झोपेपर्यंत ती फिरून फिरून म्हणायची. पहिल्या खेपेला माझा अंगठा तारा चाचपत होता. दुसऱ्या खेपेला तो चाचपायचा थांबला. मग माझ्यासाठी अंगण उरलं नाही. लाकडाच्या आत एक खोली होती आणि त्यात मी होतो. वरची तार उन्हाच्या तिरिपेसारखी, खालची तार जमिनीसारखी, आणि मधे माझा आवाज, मला ओळखू येणारा. लांबून फिदेन्सिओ. मी देल्फिनाच्या "झोपलं"ची वाट बघत होतो, पण घाई नव्हती. मनात म्हटलं, बाळा, आणखी थोडा वेळ जागा राहा. ऐक. मी पण ऐकतो आहे. तू आमच्या घरात एवढे दिवस राहूनही मी तुझ्यासाठी असं कधी गायलो नव्हतो. आमच्या पोरीसाठी गायलो होतो तसं गात होतो, ती झोपल्यावरही उठावंसं वाटत नसे तसं. किती वेळा कडवी फिरली, मोजली नाहीत.

शेवटी माझ्या दंडावर हात आला. एर्मिनियाचा. डोळे उघडले.

समोर देल्फिना होती, बाळाला धरून. तिने माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ गोल करून म्हटलं, "झोपलं." तिचे गाल ओले होते. मी म्हटलं, "फार वेळ लावला त्याने." ती म्हणाली, "हट्टी आहे. तुमच्याकडे लाडावलं."

मान पूर्ण झाला. लोकांनी माझे हात हातात घेतले. पण एक गोष्ट मी पाहिली आणि ती लिहितो. देल्फिनाने "झोपलं" म्हटलं तेव्हा सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर टोप्या होत्या. एकाचीही हातात नव्हती. भांड्यांवरची झाकणं निघालेली होती, आतोले वाट्यांत ओतलेला होता, पण कुणी पीत नव्हतं. सगळे वाट्या धरून उभे होते. वाट्यांवर वाफ नव्हती.

फिदेन्सिओ अजून कपाळ टेकूनच होता. "कोंपादरे, सुटलो आपण," मी म्हटलं. त्याने मान वर केली. त्याच्या कपाळावर बोटांचे वळ होते, तळहातात खुंट्यांचे खड्डे.

३ फेब्रुवारी

आतल्या खोलीत चौकट रिकामी आहे. फुलं तशीच.

सकाळी एर्मिनिया चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती. मी तिच्या समोर जाऊन बसलो, तिचं तोंड दिसेल असा.

"देल्फिना 'झोपलं' केव्हा म्हणाली?" मी विचारलं.

तिने भाकरी उलटली. दुसरी बाजू फुगू दिली. मग माझ्याकडे बघून एकेक शब्द नीट सांगितला.

"दुसऱ्याच खेपेला. मग परत म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा फिदेन्सिओने डोळ्यांनी तिला थांबवलं. कुणी हललं नाही मग."

"आणि मी?"

"तुम्ही गात होतात."

तिने भाकरी माझ्या हातात दिली. गरम होती, मी ती या हातातून त्या हातात करत राहिलो. बाहेर तिने चुरा टाकलेला होता. दारातून मला दिसलं, अंगण चिमण्यांनी भरलेलं होतं. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

"कधीपासून येतात या?" मी विचारलं.

"रोज येतात," ती म्हणाली.